वकीलसाहेबांच्या दाराबाहेरचा बाक

वकीलसाहेब, तुमच्या तेरवीच्या मंडपाचं बिल मी फाडलं. खुर्च्या, दऱ्या, ताडपत्र्या, स्वयंपाकाची मोठी गंजं, गाडीभाडं, सगळं ओळीनं लिहिलं, शिक्का मारला, सही केली आणि तुमच्या मोठ्या भावाच्या हातात दिलं. ते कागदाकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे. घरचं माणूस म्हणून बोलावलं आणि ही बाई बिल देते, असं त्यांच्या मनात आलं असणार. मी म्हटलं, साहेबांनीच शिकवलं आहे, नातेवाईक असो की मंत्री असो, बिलाशिवाय खुर्ची हलवायची नाही. तेव्हा कुठे ते हसले. तेरवीच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं, आणि ते माझ्या बिलावर.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. आमगावकडच्या तुमच्या गावात त्या दिवसांत माणूस मिळत नाही, सगळा गाव चिखलात असतो. त्यामुळे मंडपाचे खांब नितेशनं आणि नितेशच्या बाबांनी उभे केले. नितेश माझा मुलगा, तुम्हाला माहीतच आहे. पण हे मी लिहून ठेवते आहे, तर वाचणाऱ्यालाही कळायला हवं. खांब रोवताना नितेशचे बाबा एकदा म्हणाले, "साहेब असते तर विचारले असते, मजुरी कोणाच्या नावानं दाखवता." मी त्यांना काम करा म्हटलं.

तुम्ही वकील नव्हता. काळा कोट तुम्ही कधी घातला नाही, कोर्टात गेला असाल तर साक्षीला गेला असाल. तुम्ही लोकांचे टॅक्सचे कागद करायचे, रिटर्न भरायचे, नोटिशीला उत्तरं लिहायचे. पण आमच्या देवरीकडे कागदाला न घाबरणाऱ्या प्रत्येक माणसाला वकीलसाहेब म्हणतात. तुम्ही सुरुवातीला दुरुस्त करायचे, मग तुम्हीच दमलात. गोंदियाच्या बाजारात सायकलच्या दुकानावर तुमची खोली, चढायला अरुंद जिना, दाराबाहेर एक लाकडी बाक. आत पंखा नेहमी एक नंबरवर. मे महिन्यात घाम निथळायचा, पण कागद उडतील म्हणून तुम्ही पंखा वाढवायचे नाही. आणि चहा बिनसाखरेचा. शुगर तुम्हाला होती, पण भोगायचं गिऱ्हाईकांनी.

पहिल्यांदा मी त्या खोलीत आले ती नितेशच्या बाबांच्या मागून. आमचं बिछायत केंद्र तेव्हा सुरू व्हायचं होतं. मंडप, गाद्या, भांडी, लाइट असं लग्नाकार्याचं सामान भाड्यानं द्यायचं. फलकावर माझं नाव रंगवून झालं होतं. आमच्याकडे ही पद्धतच आहे, दुकान बाईच्या नावावर आणि गल्ला पुरुषाच्या मांडीखाली. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की बायकोच्या नावानं धंदा दाखवला की टॅक्स वाचते. मी सहीपुरती आले होते. पदर डोक्यावर, पिशवी मांडीवर, आणि मनात परतीची बस.

नितेशच्या बाबांनी आल्याआल्या तोड काढली. सातबारा आहे न आपल्याकडे, म्हणाले, सगळं शेतीतच दाखवून टाका, शेतीले कुठं टॅक्स आहे. आमच्या जिल्ह्यात ही चूक घरोघरी होते. ज्याच्याकडे धानाच्या शेताच्या चार बांध्या आहेत, त्याला वाटतं हार्वेस्टरचं भाडंही शेती, जंगलातून आणून विकलेलं मोहफूलही शेती, आणि बांधावर चहाची टपरी टाकली तर तीही शेती. तुम्ही चष्म्यावरून पाहिलं.

"भाऊ, बांधीत खुर्च्या पिकतात का?"

मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं. मग तुम्ही त्यांना समजावलं की नांगरून, पेरून, राबून जमिनीतून जे निघतं ते शेतीचं. आपोआप उगवलेलं गोळा करून विकलं तर ते नाही, आणि भाड्याच्या खुर्च्या तर नाहीच नाही. त्यानंतर तुम्ही माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, या धंद्यात बाईंचं काय आहे? ते म्हणाले, नाव आहे न. तुम्ही म्हणालात, नाव झालं, अजून? ते परत म्हणाले, नाव तर आहे न. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात.

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा."

ते बाहेर जाऊन बाकावर बसले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बिघडलं. दार लोटून तुम्ही विचारलं, "बाई, हा धंदा तुमचा आहे, की नावापुरता आहे?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

तुम्ही म्हणालात, मालकालाच विचारायचं असतं, आणि मालक म्हणून इथं तुमचंच नाव लिहिलेलं आहे. वकीलसाहेब, मी तोपर्यंत बारावी शिकलेली होते, घर चालवत होते, पोर वाढवलं होतं, पण काहीतरी माझं आहे का, असं मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. माहेरी चिचगडला आई-बाबांनी विचारलं नाही, सासरी तर प्रश्नच नाही. मला राग आला. तुमचा आला. हा कोण माणूस, मला माझ्याच नवऱ्यापुढे अडचणीत टाकतो, असं वाटलं.

मग तुम्ही कागदावर रेघा मारून दाखवलंत. नवऱ्यानं बायकोला पैसे फुकट दिले आणि त्यातून तिनं धंदा केला, तर त्या पैशाचं उत्पन्न नवऱ्याच्याच डोक्यावर मोजतात. फलकावर कोणाचंही नाव रंगवा, खात्याला रंगाशी घेणं-देणं नाही. बाईचा धंदा व्हायचा असेल तर पहिला पैसा बाईचा लागतो. तिचं स्त्रीधन, तिची बचत, नाहीतर तिच्या नावाचं कर्ज. तुमच्याकडे काय आहे, तुम्ही विचारलंत. माझ्याकडे आईनं दिलेला सोन्याचा गोफ होता. आई चिचगडच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जायची, मोह वेचायची, आणि त्यातून माझ्या लग्नात तिनं तो केला होता. तो मी मोडला. पावती सोनाराकडून घ्यायला तुम्ही लावलीत. त्यातून पहिल्या खुर्च्या आल्या. नितेशच्या बाबांना ते पटलं नव्हतं, चारचौघांत घर मोडल्यासारखं दिसतं म्हणाले, पण टॅक्स वाचते म्हटल्यावर तयार झाले. त्यांना तुम्ही त्यांच्याच शब्दात पकडलंत.

तेव्हापासून दर वर्षी हाच शिरस्ता. ते मला मोटारसायकलवर, पुढे पुढे बसनं, गोंदियाला आणायचे, जिन्यापर्यंत यायचे आणि बाकावर बसायचे. तुम्ही त्यांना चहा बाहेर पाठवायचे. आत तुम्ही मला विचारायचे आणि मी सांगायची. सुरुवातीला माहीत नसायचं, मग लाज वाटून मी माहीत करून घ्यायला लागले. डिझेल किती जळतं, कोणती कनात फाटली, कोणत्या गावचा पाटील उधारी बुडवतो. प्रश्न तुम्ही टॅक्सचे विचारत होता, पण उत्तरं द्यायची तर मला धंदा चालवावा लागत होता. तो चालवता चालवता कधी माझा झाला, ते मला सांगता यायचं नाही.

तुमच्या शिकवण्या एकदम आल्या नाहीत. एकेक चूक झाली की एकेक शिकवण. एकदा मी जनरेटरचं डिझेल आणि घरचा किराणा एकाच खात्यातून भरला. तुम्ही पासबुक पाहून विचारलंत, या तूरडाळीत मंडप कुठं आहे ते दाखवा. दुसऱ्याच दिवशी मी धंद्याचं खातं वेगळं उघडलं. एकदा सरकारी कार्यक्रमाला मंडप दिला, तर पैसे कमी आले. मी कार्यालयातल्या बाबूवर चिडले. तुम्ही सांगितलंत की त्यांनी कर आधीच कापून भरला आहे, तुमच्या पॅनवर दिसतो, रिटर्न भरलं की उरलेला परत येतो, बाबूला शिव्या देऊ नका. तो कर परत आला तेव्हा मी तुमच्यासाठी सिंघाडे आणले. तुम्ही सिंघाडे घेतले, पण मिठाईचा डबा कधी घेतला नाही. शुगर. धंदा छोटा आहे तोवर जाडजूड हिशेब नको, ठरावीक टक्के नफा धरून भरता येतं, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि खात्यात आलेल्या पैशावर टक्का कमी लागतो, रोखीवर जास्त, म्हणून मी देवरीत सगळ्यांच्या आधी भिंतीवर क्यूआर लावला. बिछायतीच्या धंद्यात तेव्हा लोक हसले. आता मंडईच्या जत्रेत फुगे विकणाराही तो लावून बसतो.

पण त्या मोठ्या लग्नाचं मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. धानाचा मोठा व्यापारी, मुलीचं लग्न, पूर्ण मंडप, जेवण, लाइट, फुलं, सगळं माझ्याकडे. आणि माणूस म्हणे सगळं रोख देतो, घरात पडून आहे. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, एका कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायची नाही. तुकडे करून घेतली तरी चालत नाही, आणि दंड देणाऱ्यावर नाही, घेणाऱ्यावर बसतो, घेतली तेवढ्याच रकमेचा. मी व्यापाऱ्याला खात्यात टाका म्हटलं. तो समोरच्या बिछायतवाल्याकडे गेला. त्या लग्नाचे ढोल माझ्या गोदामापर्यंत ऐकू येत होते. वर्षभर मी तुम्हाला टोमणे मारले, दर भेटीला. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की बाई, तुमचं नुकसान झालं. फक्त म्हणायचे, झोप लागते ना? लागायची, हे खरं. पण तेवढं तुम्ही बोलायला हवं होतं.

मग नितेशचं लग्न झालं. सून बिरसीकडची, रोशनी. तिच्या गावावरून शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात, त्यामुळे कसलाही आवाज आला तरी ही मुलगी मान वर करत नाही. तुम्ही लग्नाला आला होता. लाखोरीच्या डाळीचे वडे तुम्ही परत मागून घेतलेत, मी पाहिलं. मग आहेर लिहिणाऱ्याच्या टेबलाजवळ उभे राहून तुम्ही मला बाजूला बोलावलंत. मला वाटलं, आहेराचं पाकीट द्यायला संकोचत असतील. तुम्ही म्हणालात, लग्नात नवरा-नवरीला आलेल्या आहेरावर कर नाही, पण तो त्यांच्याच खात्यात जाऊ द्या. आमच्याकडे बाप सगळा आहेर आपल्या खात्यात टाकून मोकळा होतो, मग उद्या विचारलं तर सांगायला कागद राहत नाही. कोणी दिलं त्याची यादी जपा. मी म्हटलं, साहेब, पोरीच्या अंगावरची हळद तरी वाळू द्या.

आणि हे सगळं त्या पोरीनं ऐकलं. मेंदीचे हात पुढे धरून ती मागे बसली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे घरात असताना मला विचारते, आई, माझ्या हातात आलेला आहेर माझ्या खात्यात टाकू का? साहेब म्हणत होते. पाहुण्यांसमोर मी काय म्हणणार. टाक म्हटलं. मनात म्हटलं, वकीलसाहेबांनी लग्नाच्या मांडवातही दुकान उघडलं.

आता शेवटच्या भांडणावर येते. ते टाळून हा लेख लिहिता येईल, पण तुम्ही अर्धवट रिटर्न कधी भरलं नाही.

होळीच्या आधीची गोष्ट. रोशनीनं द्रोण-पत्रावळीचं मशीन टाकायचं मनात घेतलं होतं. पळसाची पानं आमच्या चिचगडकडे मिळतात, वेचणाऱ्या बाया ओळखीच्या आहेत, आणि लग्नाला पत्रावळ लागतेच. मी म्हटलं, उत्तम. मशीन मी घेऊन देते, नाव तिचं टाकू, बाईच्या नावाला जी काही सवलत असेल ती मिळेल, आणि माल माझ्याच बिछायतीत लागेल. रोशनीला न आणता मी तुमच्याकडे आले. नितेशचे बाबा सवयीनं बाहेर बसले.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, सासूनं सुनेला फुकट दिलं, तर त्यातलं उत्पन्न सासूच्याच डोक्यावर येतं, जे नवरा-बायकोला तेच सुनेला. मी म्हटलं, मग उसने दिले असं लिहा. तुम्ही म्हणालात, उसने तर उसने, पण लिहून द्या, व्याज लावा, हप्ते खात्यातून येऊ द्या. सुनेकडून व्याज घेऊ? देवरीत लोक माझ्या तोंडात शेण घालतील. मग बँकेतून घ्या तिच्या नावानं, तुम्ही म्हणालात, आणि आधी तिला घेऊन या, तिला विचारू.

तिला काय विचारता, मी म्हटलं. कालची पोर आहे. काय विचारायचं ते मला विचारा.

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "मग बाई, आता तुम्ही जरा बाहेर बसा. मी तिला फोन लावतो."

मी उठले, वकीलसाहेब. मला तुमच्याशी शुद्ध बोलायची सवय लागली होती, ती त्या वेळी सुटली. "मले बाहेर बसायले सांगून राहिले? ज्या बाईले तुम्हीच आत बसवलं, तिले?"

तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणूनच."

मी कागदांची पिशवी उचलली आणि जिना उतरले. चहा टेबलावर आला होता, तसाच राहिला. नितेशच्या बाबांनी वाटेत विचारलं, काऊन, झालं काय? मी म्हटलं, म्हातारपणी माणूस हेकट होते.

मी चुकले असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. घरात एक धंदा उभा आहे, त्याच्या आधारानं दुसरा उभा राहतो, यात वाईट काय? रोशनीच्या भल्याचंच मी बघत होते. तुम्ही असता तर मी आजही हेच भांडले असते, आणि तुम्ही आजही ऐकून घेतलं असतं. फक्त तो चहा प्यायला हवा होता. तेवढं एक मला लागून आहे. किती वर्षं तुमचा तो कडू चहा तोंड न वाकडं करता प्यायले, आणि शेवटचा ठेवून आले.

पुढे लग्नसराई लागली. तुम्हाला फोन करायला वेळ नव्हता असं मी घरात सांगत होते. वेळ होता. तुम्ही करावा असं मला वाटत होतं. तुम्हालाही बहुतेक तसंच वाटत असावं, कारण रिटर्नचे दिवस जवळ आले तरी तुमचा नेहमीचा निरोप आला नाही. मग एका सकाळी वर्षाताईंचा फोन आला. तुमच्या खोलीत इतकी वर्षं कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, तुमच्या हाताखाली शिकून स्वतः रिटर्न भरणाऱ्या वर्षाताई. त्यांनी सांगितलं, साहेब गेले, झोपेतच. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं की मी बरं म्हणाले. परत लावला आणि नुसती रडले. वर्षाताईही रडल्या. नंतर त्यांनीच विचारलं, मंडप तुमच्याकडून होईल का?

तर मंडप झाला, बिल झालं, तुमच्या भावानं पैसे खात्यात टाकले, आणि मी घरी आले. आठवडाभरानं रोशनी म्हणाली, मी गोंदियाला जाते, साहेबांकडे नाही जाता आलं, वर्षाताईंकडे जाऊन येते. मी म्हटलं, मी येते. नितेशचे बाबा चप्पल घालून आधीच दारात उभे होते. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

तुमच्या खुर्चीवर वर्षाताई बसल्या होत्या. मला ते आवडलं. कॉम्प्युटर तिथंच आहे, पंख्याचं बटण तिथंच आहे, काम तिथूनच होतं. तुमचा फोटो अजून लावलेला नाही, फ्रेम करायला दिला आहे म्हणाल्या. पंखा एक नंबरवरच होता. मी रोशनीला शेजारी बसवलं आणि पिशवीतून कागद काढून बोलायला सुरुवात केली. मशीनचं कोटेशन, जागा, लाइटचं मीटर. वर्षाताईंनी माझं ऐकून घेतलं, अगदी तुमच्यासारखं, मधे न बोलता. मग रोशनीकडे वळून त्यांनी तोच प्रश्न विचारला. तुमच्या त्या खोलीत तो किती जणींना विचारला गेला असेल कोण जाणे.

"धंदा तुझा आहे, की नावापुरता आहे?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलंही होतं.

"माझा आहे," रोशनी म्हणाली.

तिनं विचारून सांगते म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. वर्षाताईंनी पैसे कुठले असं विचारलं, तर तिनं आपली पर्स उघडून पासबुक काढलं. आहेराचे आहेत, म्हणाली, साहेबांनी सांगितलं तसे माझ्याच खात्यात ठेवले, कोणी दिले त्याची यादी आहे, उरलेलं बँकेतून घेते. तिनं बँकेत जाऊन विचारूनही ठेवलं होतं. वर्षाताईंनी गिऱ्हाईक कोण असं विचारलं. ती म्हणाली, आईंना देईन, पण बिलावर देईन. समोरच्या बिछायतवाल्यालाही देईन, त्याच्याकडे लग्नं जास्त असतात.

समोरचा बिछायतवाला. त्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न ज्यानं नेलं तोच. मी म्हटलं, अगं पण, आणि पुढे बरंच म्हणणार होते. वरून एक विमान घरघरत गेलं. मी वर पाहिलं, वर्षाताईंनी वर पाहिलं. रोशनीनं माझ्या हातावर हात ठेवला. आवाज चढवला नाही, तुमच्यासारखाच सपाट ठेवला.

"आई, तुम्ही थोडं बाहेर बसता का?"

वकीलसाहेब, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं असं मी सगळ्यांना सांगेन. तुम्हाला खरं सांगते, मला त्या वेळी तुमची फार आठवण आली. तुम्ही हे बघायला हवं होतं. तुम्ही म्हणालात ते एक अक्षर न बदलता माझ्यासमोर घडत होतं, आणि मला भांडायला तुम्ही नव्हता. मी कागद रोशनीच्या पुढे सारले. दार मीच ओढून घेतलं.

बाहेर नितेशचे बाबा बाकावर बसले होते, पाठ भिंतीला, पाय लांब, गमछा मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. थोडे सरकले.

"इकडून बस," म्हणाले. "तिकडचा पाय हालते."

मी त्या बाकावर कधी बसलेच नव्हते. त्या जिन्यानं इतक्या वेळा चढले, पण कुठला पाय हलतो हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं इथं बसून तुम्ही काय करत होता जी? ते म्हणाले, काही नाही, तुझा आवाज ऐकत होतो, आधी येत नव्हता, मग यायले लागला.

आतून रोशनीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती न थांबता बोलत होती. थोड्या वेळानं खालच्या हॉटेलवाल्यानं चहा आणला, दोन कप आत दिले आणि दोन आमच्या हातात. चहा बिनसाखरेचाच होता. मी तो सगळा प्यायले, वकीलसाहेब.